वाळवंटात मोटरहोम : ८ दिवस, ७ ठिकाणं, ५ माणसं. जमेल का?

उनाडकी

नमस्कार मंडळी. बायको, ११ आणि ७ वर्षांची दोन कार्टी, आई आणि मी, अशी पाच माणसं. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पोरांना सुट्टी आहे आणि मला आठ दिवसांची रजा मिळतेय. लास व्हेगासला मोटरहोम भाड्याने घ्यायची आणि युटा-अ‍ॅरिझोनाचं वाळवंट पालथं घालायचं असा बेत आहे. गाडी ३० फुटी, क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. (पोरांनी तो पलंग आत्तापासूनच वाटून घेतलाय. मधोमध उशांची भिंत घालणार आहेत म्हणे.)

आराखडा असा : पहिल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊन थेट झायन. दुसऱ्या दिवशी बोगद्यातून ब्राइस कॅन्यन. तिसऱ्या दिवशी पेज गाव, तिथे अँटिलोप कॅन्यन आणि हॉर्सशू बेंड. चौथा मॉन्युमेंट व्हॅली. पाचवा मोकी डगवे आणि आसपास. सहावा ग्रँड कॅन्यन. सातवा डेथ व्हॅली. आठव्या दिवशी सकाळी ११ ला गाडी परत. नकाशावर रोजचे मैल बघितले, शेवटचे दोन दिवस सोडले तर कुठेच फार नाहीत.

आता शंका. उन्हाळ्यात गाडीतला एसी पुरतो का? पाच जणांना पाणी किती लागेल? सरकारी जमिनीवर फुकट मुक्काम करता येतो असं ऐकलंय, ते खरं का? आणि हॉटेलचे पैसे वाचून एकूण किती फायदा होईल? मी आजवर मिनीव्हॅनपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही.

फुलस्टॉप

फायदा शून्य. तुमचा रस्ता हजार मैलांच्या वर जातोय. अशी गाडी गॅलनला ८ ते १० मैल देते. म्हणजे सव्वाशे गॅलन, गॅलनला ४ डॉलर धरले तरी पेट्रोलचेच ५०० डॉलर. वर गाडीचं रोजचं भाडं, मैलांचं भाडं वेगळं, जनरेटर चालवला तर तासांचं भाडं, अंथरूण-पांघरूण आणि भांड्यांचे पैसे, विमा, कॅम्पग्राउंडचं रात्रीचं भाडं. साधी गाडी घ्या, हॉटेलात झोपा. जुलैत तर नक्कीच.

निवडुंग

हिशेब बरोबर आहे हो फुलस्टॉप, पण मोटरहोम स्वस्तात पडते म्हणून कुणी घेऊच नये. ती घ्यायची कारण आईंना रस्त्याच्या कडेला, शंभर मैल काही नसताना, स्वतःच्या संडासात जाता येतं. धाकट्याला दुपारी खऱ्या गादीवर आडवं करता येतं. आणि पहाटे साडेपाचला चहाचा कप घेऊन दार उघडलं की समोर लाल कडा असतो, पार्किंगच्या मजल्यावरची लिफ्ट नसते. ह्याचे पैसे जास्त पडतात आणि पडू द्यावेत.

मी नऊ वर्षं ह्या भागात मोटरहोम चालवतेय. चालवते मी. नवरा नकाशा बघतो आणि दर चढावर "सुई कुठेय?" (इंजिनाच्या तापमानाची) असं विचारतो. आमची पहिली खेप तुमच्यासारखीच भाड्याच्या गाडीची, तुमच्यासारखीच जुलैतली आणि आराखडाही असाच, रोज नवं गाव. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांशी फक्त "डावीकडे" आणि "उजवीकडे" एवढंच बोलत होतो.

तर आधी जुलै रद्द करा. बाकीचं नंतर.

छतावरचा एसी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० अंश फॅरनहाइट खाली आणतो. त्यापलीकडे त्याची ताकद नाही, ह्या डब्यांच्या भिंती पातळ असतात. बाहेर ११२ असेल तर आत ९२, तेही पडदे ओढून, दार न उघडता. सात वर्षांचं मूल आणि बंद दार, बघा जमतंय का. आम्ही व्हेगासच्या आरव्ही पार्कात, म्हणजे मोटरहोमच्या तळावर, दुपारी चार वाजता आत ९३ बघितलंय. ३० अँपिअरच्या विजेच्या जोडणीवर एसी चालू असताना नवऱ्याने मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं आणि बटन दाबलं. दोन्ही बंद. सगळा अंधार, आणि त्या शांततेत फ्रीजचा "टक्" असा आवाज. फ्रीजही बिचारा दमलेलाच होता. बऱ्याच मोटरहोममध्ये फ्रीज गॅसवरही चालतो. शंभराच्या वर हवा गेली की ह्या जातीच्या फ्रीजला आतली उष्णता बाहेर टाकता येत नाही. शिवाय गाडी तिरकी उभी असेल तर तो मुळीच नीट चालत नाही, म्हणून चाकांखाली ठोकळे घालून गाडी समतल करायची असते. आमच्या फ्रीजमधल्या थर्मामीटरवर त्या संध्याकाळी ५४ होतं. दूध, दही, सगळं मोरीत.

आणि एसी बॅटरीवर चालत नाही. एक तर कॅम्पग्राउंडची वीज, नाहीतर जनरेटर. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकच्या कॅम्पग्राउंडवर जनरेटर सकाळी ७ ते संध्याकाळी ७ एवढाच चालवू देतात. रात्री काय करणार? जुलै २०२४ मध्ये तिथलं महिनाभराचं, दिवस-रात्र धरून सरासरी तापमान १०८.५ अंश निघालं, सेल्सिअसमध्ये ४२.५. रात्र धरून! १० जुलै १९१३ ला १३४ अंशांची नोंद झाली ती ह्याच जागी. भाड्याच्या बऱ्याच करारांत उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेऊ नका असं सरळ लिहिलेलं असतं. तुमचा करार काढून बघा, बारीक अक्षरात असेल. गाडी तिथे बंद पडली तर ओढून आणायचा खर्च तुमचा.

जुलैला आणखी एक भानगड आहे, पावसाची. साधारण १५ जूनपासून सप्टेंबरअखेर तिकडचा मान्सून असतो. डोक्यावर निळं आभाळ, पाऊस पडतोय पंधरा मैलांवर, आणि कोरड्या नाल्यातून चॉकलेटी पाण्याची भिंत येते. १२ ऑगस्ट १९९७ ला अँटिलोप कॅन्यनच्या अरुंद घळीत अकरा जण असेच वाहून गेले, त्यांच्या डोक्यावर पाऊस नव्हताच म्हटलं तरी चालेल. रस्त्याला आडव्या जाणाऱ्या ओघळीवर पाणी दिसलं की गाडी मागे. खोली अजमावायला जायचं नाही.

पोरांना ऑक्टोबरात फॉल ब्रेक मिळतो का? मिळत असेल तर तोच आठवडा धरा. एप्रिलही बरा, पण वसंतात वारं फार, आणि वाऱ्याचं काय होतं ते पुढे सांगते.

आता आराखडा. तुम्ही मैल मोजलेत. मोटरहोमला मैल मोजून उपयोग नाही, उंची, रुंदी आणि लांबी मोजायची.

तुमचा दुसरा दिवसच बघा. झायन ते माउंट कार्मेल हा बोगदा १९३० चा, १.१ मैलांचा. वरून कमानी. उंच गाडीला त्यातून मधोमध चालावं लागतं, म्हणून इतकी वर्षं १५ डॉलर घेऊन समोरची वाहतूक थांबवायचे आणि मग सोडायचे. जून २०२६ पासून ते बंद. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडीला त्या रस्त्याने जाताच येणार नाही. तुमची क्लास सी साधारण १२ फूट उंच आणि सव्वाआठ फूट रुंद असणार. म्हणजे झायनच्या दारातल्या स्प्रिंगडेलहून मागे हरिकेनला यायचं, तिथून ५९ नंबरच्या रस्त्याने फ्रेडोनिया, मग कनाब. बोगद्यातून जे ४० मैल होते त्याचे ८५ होतात. रस्ता छान आहे, मोकळा आहे, पण तुमच्या तक्त्यात तो नाही.

पाचवा दिवस तर करूच नका. मोकी डगवे म्हणजे कड्याच्या अंगात कोरलेला कच्चा घाट. तीन मैल खडी, ११ टक्क्यांचा उतार, १,२०० फूट खाली, कठडा नाही. २८ फुटांपेक्षा लांब आणि १०,००० पौंडांपेक्षा जड गाड्यांनी येऊ नये असं युटा सरकारच सांगतं. तुमची दोन्हीत नापास. फोनमधल्या बाईला हे माहीत नसतं. तिने आम्हालाही तिकडेच वळवलं होतं, "फास्टेस्ट रूट" म्हणून. पाटी बघून मी गाडी थांबवली, आणि मग नवरा खाली उतरून हातवारे करत मागे, मी आरशात बघत रिव्हर्स, असं पाव मैल. मागून एक जीपवाला आला, त्याने टोपी काढून नमस्कार केला. शिवाय भाड्याची गाडी कच्च्या रस्त्यावर नेली की बहुतेक ठिकाणी विमा संपतो.

मॉन्युमेंट व्हॅलीत १७ मैलांचा कच्चा फेरा आहे, त्यावर मोटरहोमला मनाई. नवाहो, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या, वाटाड्याच्या जीपमधून जायचं. ते मला तरी जास्त आवडलं, तो आजूबाजूच्या माणसांच्या गोष्टी सांगतो. (नवाहो नेशन, म्हणजे त्यांचा स्वायत्त प्रदेश, त्याच्या हद्दीत दारू बाळगायला बंदी आहे. फ्रीजमध्ये बिअर असेल तर आधीच सोय लावा.) डेथ व्हॅलीतही आर्टिस्ट्स ड्राइव्ह आणि दान्तेज व्ह्यू ह्या दोन्ही रस्त्यांना २५ फुटांची मर्यादा आहे. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, म्हणजे दक्षिण काठावर, मेदर कॅम्पग्राउंडला ३० फूट, आणि तिथे वीज-पाणी जोडणी नाही. जोडणी हवी तर शेजारचं ट्रेलर व्हिलेज.

म्हणून पहिला सल्ला : ३० फुटी सोडा, २५ फुटी घ्या. पाच माणसं मावतात. कोपर लागतं एकमेकांना, पण मावतात.

सडाफटिंग

निवडुंगताई फार घाबरवताहेत. मी व्हॅनमध्ये राहतो, कॅम्पग्राउंडला एक डॉलर देत नाही. बीएलएमची, म्हणजे सरकारच्या जमीन खात्याची, जमीन सगळ्यांची आहे. एका जागी २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं, मग पुढे सरकायचं. पाटी नाही, शेजारी नाही, आकाशगंगा डोक्यावर. हिवाळ्यात क्वार्ट्झसाइटला तर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा अख्खा हंगाम एकाच परवान्याच्या पैशांत. जोडणी वगैरे आळशांना.

उनाडकी

बापरे. बोगद्याचं अजिबात माहीत नव्हतं, झायनच्या मुक्कामाचं बुकिंग करणारच होतो. ऑक्टोबरात एक आठवडा फॉल ब्रेक आहे, रजा पुढे ढकलायला साहेब तयार होतील असं वाटतंय. ताई, वाऱ्याचं काय ते सांगायचं राहिलं. आणि पाणी. आणि खरं सांगायचं तर ते काळ्या टाकीचं प्रकरण मला कुणी नीट सांगत नाहीये, सगळे हसतात आणि विषय बदलतात.

निवडुंग

सडाफटिंग, तुमच्या व्हॅनवर सोलर आहे, तुम्ही एकटे आहात आणि गाडी तुमची आहे. ह्यांच्याकडे आई आहेत, पोरं आहेत आणि कच्च्या रस्त्याला मनाई करणारा करार आहे. बीएलएमच्या बहुतेक चांगल्या जागा कच्च्या रस्त्याच्या टोकाला असतात. तुमचं खरं आहे, पण ह्यांच्या कामाचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला करा म्हणावं.

आता काळी टाकी. हसण्यासारखं काही नाही.

तीन टाक्या असतात. एक शुद्ध पाण्याची, साधारण ४० गॅलन. एक करडी, म्हणजे आंघोळ आणि मोरीचं पाणी. एक काळी, म्हणजे संडासची. नवखा माणूस पूर्ण जोडणीच्या (वीज, पाणी आणि सांडपाणी) जागी पाइप लावतो आणि दोन्ही झडपा उघड्या ठेवून झोपतो, वाटतं आपोआप वाहून जाईल. करडीचं ठीक. काळीचं पाणी तेवढं निघून जातं आणि बाकीचं तळाशी वाळत बसतं, वाळवंटात तर दोन दिवसांत वीट होते. काळीची झडप बंद ठेवायची. टाकी निम्म्याहून जास्त भरली की एकदम सोडायची, आधी काळी, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे घालायचे आणि घाई करायची नाही. पाइपचं टोक नीट बसलं का ते हाताने फिरवून बघायचं. आमच्या नवऱ्याने एकदा नुसतं बघितलं होतं, फिरवून नव्हतं. त्या बुटांचं पुढे काय झालं ते सांगत नाही.

आतला पॅनेल टाकी किती भरली ते दाखवतो. त्यावर विश्वास ठेवू नका. आतल्या भिंतीवर काही चिकटलं की तो कायम "दोन तृतीयांश" म्हणतो. दिवस मोजा.

४० गॅलन ऐकायला खूप वाटतं. घरच्यासारखी आंघोळ केली तर पाच जणांत ते एका सकाळी संपतं. अंग ओलं करा, नळ बंद, साबण, नळ उघडा, बाहेर या. धाकट्याला "नळ बंद" हा खेळ म्हणून शिकवा. प्यायचं पाणी टाकीतलं नको, वेगळे कॅन घ्या, माणशी रोज एक गॅलन धरून, आणि त्याखेरीज एका दिवसाचं जास्तीचं. ते कॅन मागच्या पलंगाखाली, हाताशी नाही. नाहीतर पोरं भांडी धुवायला तेच वापरतात. पूर्ण टाकीचं वजन ३३० पौंड होतं, दीडशे किलो. चढावर कळतं. दोन रात्री जोडणीच्याच जागी असाल तर मधल्या रस्त्यावर अर्धी टाकी पुरे.

पेट्रोलचं एक सांगते. भाड्याच्या बहुतेक गाड्यांत जनरेटर गाडीच्याच टाकीतून पितो, आणि टाकी पाव राहिली की तो आपोआप बंद पडतो, म्हणजे तुम्ही अडकू नये म्हणून. लोकांना वाटतं जनरेटर बिघडला. मी अर्ध्यावर काटा आला की पंप शोधते. युटात आय-७० हायवेवर ग्रीन रिव्हर ते सलायना हे शंभराहून जास्त मैल आहेत, तिथे एकही पंप नाही. तुमच्या वाटेवर नाही तो रस्ता, पण कल्पना यावी.

आणि पंपावर वळताना शेपूट. ही गाडी मागच्या चाकांच्या मागे सात-आठ फूट लोंबते. तुम्ही पुढचं चाक डावीकडे वळवलंत की मागचं टोक उजवीकडे फेकलं जातं. पंपाशेजारी ते पिवळे खांब असतात ना, ते ह्याच माणसांसाठी लावलेले आहेत. सरळ पुढे निघायचं, मागचं टोक खांबाच्या पुढे गेलं की मग वळायचं. गाडी ताब्यात घेतल्यावर रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास फिरवा, बायकोला बाहेर उभं करा आणि शेपूट किती फिरतं ते तिच्या तोंडून ऐका.

आता वारा. गाडीच्या बाजूला कनातीसारखी ऑनिंग असते, बटन दाबलं की उघडते. सावलीला फार सुख. पेजजवळ वाहविपच्या कॅम्पग्राउंडवर, लेक पॉवेलच्या काठी, एप्रिलमध्ये आम्ही ती उघडी ठेवून पाण्याकडे चालत गेलो. पाचशे पावलं. पान हलत नव्हतं. परत वळले तर लांबून वाळूचा एक भोवरा सावकाश चालत यावा तसा आमच्या रांगेतून चालत गेला. शेजाऱ्यांची खुर्ची उचलली, ठेवून दिली. मग आमच्या ऑनिंगखाली शिरला. कापड फुगलं, क्षणभर एखाद्या शिडासारखं छान दिसलं, आणि दोन्ही हात कोपरातून उलटे मोडून ती छतावर जाऊन पडली. आवाज कसा? पत्र्याचा डबा पायाखाली दाबावा तसा. अनामत रक्कम गेलीच, वर बिल आलं. छत आणि गाडीच्या तळाचं नुकसान विम्यात बहुधा नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून नियम असा, की ऑनिंगखाली माणूस बसलेला असेल तरच ती उघडी. संडासात जायचं असलं तरी आधी गुंडाळायची. नवरा कुरकुरतो.

रस्त्यावर वारा असेल तर उंच गाडीला तो बाजूने ढकलतो. वेग कमी करा, ट्रक ओलांडताना हात घट्ट. फारच असेल तर थांबा, घर बरोबरच आहे. धुळीचं वादळ आलं तर अ‍ॅरिझोनात सांगतात ते लक्षात ठेवा : रस्त्यावरून पूर्ण बाहेर, सगळे दिवे बंद, हँडब्रेक लावायचा आणि पाय ब्रेकवरून काढायचा. दिवा दिसला की मागचा माणूस तो रस्ता समजून तुमच्या मागे येतो.

सहाचाकी

ताईंनी बहुतेक सगळं सांगितलं. दोनच गोष्टी माझ्याकडून, पोटासाठी जड गाड्या चालवतो म्हणून.

उतारावर ब्रेकवर पाय ठेवून येऊ नका. टो-हॉल मोड (जड ओझ्यासाठीचं गिअरचं बटन) लावा किंवा गिअर हाताने खाली घ्या, उतार सुरू व्हायच्या आधी. इंजिनाला ओरडू द्या, ते त्याचं काम आहे. ब्रेक मारायचा तो ठासून थोडा वेळ, मग सोडायचा. जळका वास आला की थांबा आणि अर्धा तास चाकांना हात लावू नका. चढावर उलटं : सुई चढायला लागली तर एसी बंद, खिडक्या उघड्या. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात काही चढांवर एसी बंद करा अशा पाट्याच आहेत.

टायर. हवा सकाळी थंड असताना तपासा, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याएवढी. दुपारी तापलेल्या टायरमध्ये जास्त दिसते म्हणून सोडू नका. तीच चूक. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो. गाडी ताब्यात घेतानाच टायरच्या बाजूवर डॉट (DOT) ह्या अक्षरांपुढचा शेवटचा चार आकडी नंबर बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुने दिसले तर तिथेच दुसरी गाडी मागा. मागे जोडचाकं आहेत, आतलं बघायला वाकावं लागेल. वाका.

उनाडकी

रजा मिळाली, ऑक्टोबर पक्का. नवा बेत : ब्राइस, मॉन्युमेंट व्हॅली, मोकी डगवे, डेथ व्हॅली सगळं छाटलं. (पोरगी रुसलीय, तिला "जगातली सगळ्यात गरम जागा" मैत्रिणींना सांगायची होती.) झायन दोन रात्री, पेज दोन रात्री, ग्रँड कॅन्यन दोन रात्री आणि पहिल्या रात्री कुठे ते सुचत नाही. गाडी दुपारी एकला मिळणार. ब्राइस छाटल्याचं मात्र मन मानत नाही.

निवडुंग

एकला मिळणार म्हणजे माहिती, सह्या, ओरखड्यांचे फोटो (छतापासून तळापर्यंत, व्हिडिओ काढा) आणि किराणा धरून निघायला चार वाजतील. झायनला अंधारात पोचाल, नवी गाडी, नवा माणूस. नको. व्हेगासपासून पन्नासेक मैलांवर व्हॅली ऑफ फायर आहे, नेवाडाचं सगळ्यात जुनं स्टेट पार्क. अ‍ॅटलाटल रॉकला वीज-पाण्याच्या जागा आहेत, लाल खडकांच्या अगदी कुशीत. पहिल्या रात्रीच काय विसरलंय ते कळतं आणि दुसऱ्या दिवशी दुकानं फार लांब नसतात. आम्ही नेहमी काड्यापेटी विसरतो.

ब्राइसचं वाईट वाटतं ते कळतं, पण ते ८,००० फुटांवर आहे. ऑक्टोबरात रात्री पाणी गोठतं. झोपण्यापूर्वी बाहेरच्या नळाचा पाइप काढून ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी काठी होते त्याची. आईंना घेऊन नको. ते सुळके तसे झालेत ते त्याच गोठण्या-वितळण्यामुळे, म्हणा.

झायनमध्ये वॉचमन कॅम्पग्राउंडला विजेच्या जागा आहेत, बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. आत्ता फेब्रुवारी, म्हणजे एप्रिलमध्ये गजर लावून बसा. मिळालं की गाडी दोन दिवस हलवायचीच नाही, दरीत तसंही शटलनेच जायचं असतं. ही दोन रात्रींची चैन कधी सोडू नका. एकदा पाइप, वायर, ठोकळे मांडले की ते परत उचलायला पाऊण तास जातो.

शेवटचा दिवस पुन्हा मोजा. साउथ रिम ते व्हेगास २८० मैल, आणि तुम्हाला ११ ला गाडी द्यायचीय, टाक्या रिकाम्या करून, पेट्रोल भरून. ग्रँड कॅन्यनची एक रात्र कमी करा आणि किंगमनला या. तिथून शंभरेक मैल राहतात.

एक घड्याळाचं सांगायचं राहिलं, ह्यात माणसं अँटिलोपच्या सहलीची ठरलेली वेळ चुकवतात. अ‍ॅरिझोना घड्याळ पुढे-मागे करत नाही, युटा करतं, नवाहो नेशन अ‍ॅरिझोनात असूनही करतं, आणि पेज गाव अ‍ॅरिझोनाच्या वेळेवर चालतं. ऑक्टोबरात पेजला उभं राहून फोन बघितला तर तो कुठला टॉवर पकडेल त्यावर दहा वाजलेत की अकरा ते ठरतं. फोनची वेळ हाताने फिनिक्सवर लावून टाका. किंवा आईंना मनगटी घड्याळ द्या आणि पेजमध्ये फक्त त्यांचं ऐका. आम्ही सासूबाईंना तसं केलं होतं. आठवडाभर गाडीत कोणी उशीर केला नाही.

आणि पोरांना आत्ताच सांगा : गाडी चालू असताना वरच्या पलंगावर चढायचं नाही. सीटबेल्ट लावून खालीच बसायचं. उशांची भिंत रात्री.

उनाडकी

सांगितलं. भिंतीऐवजी आता वर कोण झोपणार ह्याच्यावर चिठ्ठ्या पडल्यात आणि आईने पण चिठ्ठी टाकलीय.